अनुदानाच्या पत्रातली एक ओळ

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत तुम्ही राहता त्या इमारतींमधली बहुतेक कुटुंबं कृष्णवर्णीय आहेत, काही लॅटिनो, दोन-चार आपली. घर खाली करा म्हणून येणाऱ्या नोटिसा ठरावीक दारांवरच चिकटतात हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. बावीस कुटुंबं एकत्र आली आणि आता भाडेकरूंना संरक्षण देणारा स्थानिक कायदा सिटी काउन्सिलकडून मंजूर करून घ्यायचा आहे. एका फाउंडेशनच्या प्रोग्रॅम ऑफिसर, म्हणजे अनुदानाचे अर्ज पाहणाऱ्या अधिकारी, तुमच्या बैठकीला येऊन गेल्या आणि निघताना ‘अर्ज करा’ म्हणाल्या. गटाची नोंदणी नाही. कायद्यासाठी दबाव आणणाऱ्यांना अनुदान चालतं का, अर्जात वंश हा शब्द लिहावा की टाळावा, आणि पैसे आले की चळवळ थंडावते हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात अठरा वर्षं आहे. निम्मी वर्षं अर्ज लिहिण्यात गेली, निम्मी अर्ज वाचण्यात. सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्या कागदांना हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

५ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत बसमधल्या वंशभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. इतके दिवस हजारो माणसांना बसशिवाय कामावर पोचवायचं तर गाड्या लागतात, पेट्रोल लागतं, टायर बदलावे लागतात. जॉर्जिया गिल्मोर ही तिथल्या एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारी बाई. तिने ओळखीच्या बायका जमवल्या. त्यांनी सँडविच, जेवणं, केक आणि ‘पाय’ नावाचा भाजलेला पदार्थ घरी बनवून विकायला सुरुवात केली. त्यातल्या अनेकींची पोटं गोऱ्यांच्या घरच्या कामावर चालत होती. नाव बाहेर फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. म्हणून गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठूनच न आलेल्यांचं मंडळ. पैसे कुठून आले असं कोणी विचारलंच, तर कुठूनच नाही, असं सरळ सांगता येई. सभेत जॉर्जिया उभी राहून जमलेली रक्कम मोठ्याने सांगायची. बहिष्काराचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात तिने साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली, तर तिने स्वतःच्या घरातूनच जेवण विकायला सुरुवात केली.

हे सांगण्याचं कारण असं की त्या पैशाला कोणाची अट नव्हती. तुमच्या पत्रात सभासद वर्गणीचा उल्लेख नाही. अर्जाच्या आधी ती सुरू करा. महिन्याला दोन डॉलर ठेवा, ज्यांना तेही जड जातं त्यांच्यासाठी एक. बावीस घरांमधून जमणारी रक्कम छोटीच असेल, पण ती तुमची स्वतःची असेल, आणि त्यातून छापलेल्या पत्रकावर काय लिहायचं हे फक्त तुम्ही ठरवाल. मी अर्ज वाचत असताना उत्पन्नाच्या रकान्यात ‘सभासद वर्गणी, ४८० डॉलर’ अशी ओळ दिसली की त्या अर्जाकडे जास्त लक्ष द्यायचो. लोकांनी खिशातून दिलेले पैसे हा संघटनेचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

आता दुसरी बाजू. १९२२ मध्ये चार्ल्स गार्लंड या तरुणाने वारशात आलेली संपत्ती देऊन टाकली आणि त्यातून एक निधी उभा राहिला. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना तेव्हा झुंडीने होणाऱ्या हत्यांविरुद्ध लढत होती. त्या निधीशी संबंध जुळल्यावर संघटनेचा भर हळूहळू शाळांमधल्या विषमतेच्या खटल्यांकडे वळला, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. त्या वाटेनेच पुढे शाळांमधली वंशानुसार विभागणी बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल आला, म्हणजे वाट चुकीची होती असं कोणी म्हणणार नाही. तरीही हत्यांचा प्रश्न ज्यांच्या दारात होता त्यांना विचारून हा भर बदलला का, हा प्रश्न उरतोच. चळवळ थंडावते ती अशी. कोणी तुम्हाला गप्प बसा म्हणत नाही. ज्या कामाला पैसे मिळतात ते काम वाढत जातं, आणि ज्याला मिळत नाहीत ते मागे पडतं.

त्यामुळे अनुदानाच्या रकमेपेक्षा मंजुरीच्या पत्रातल्या एका ओळीकडे जास्त लक्ष द्या. पैसे कशासाठी आहेत ते सांगणारी ती ओळ. ती साधारण दोन प्रकारची असते. एका पत्रात लिहिलेलं असतं, ‘हे अनुदान संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी आहे.’ दुसऱ्यात लिहिलेलं असतं, ‘हे अनुदान सोबतच्या अंदाजपत्रकानुसार अमुक प्रकल्पासाठी आहे.’ पहिल्या ओळीचे वीस हजार डॉलर मला दुसऱ्या ओळीच्या पन्नास हजारांपेक्षा मोलाचे वाटतात, आणि हे मी अनुभवाने शिकलो.

माझ्या पहिल्याच गटाला आरोग्य शिबिरांसाठी प्रकल्प-अनुदान मिळालं होतं. वर्षाच्या मध्यावर वस्तीतली शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला. परिसर कृष्णवर्णीय मुलांचा होता, आणि पुढची शाळा दोन बस बदलून. सगळ्या आया एका सुरात म्हणाल्या, आता हेच काम. मी देणाऱ्या संस्थेला फोन केला. उत्तर सौजन्याने आलं, पण नकारच होता, कारण अंदाजपत्रकात शाळा नव्हती. ज्या संध्याकाळी शाळा मंडळाची सुनावणी होती, त्याच संध्याकाळी आमची दोन पगारी माणसं एका सभागृहात रक्तदाब मोजण्याचं यंत्र मांडून बसली होती. शिबिराला सहा जण आले. बाकी वस्ती सुनावणीला गेली होती, आणि तिथे बोलणाऱ्या आयांना माईक कुठे, नाव कुठे नोंदवायचं, हे सांगायलाही आमचं कोणी नव्हतं. शाळा बंद झाली. आमचा अहवाल मात्र वेळेवर गेला आणि त्याचं कौतुकही झालं. ती संध्याकाळ मला अजून टोचते.

म्हणून प्रोग्रॅम ऑफिसरशी पुढचं बोलणं होईल तेव्हा सरळ विचारा, ‘सर्वसाधारण कामासाठी अनुदान मिळू शकतं का? दोन किंवा तीन वर्षांसाठी?’ विचारायला लाजू नका. मोठ्या फाउंडेशन्सनीही हा मार्ग धरलेला आहे. फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून ‘बिल्ड’ नावाचा उपक्रम चालवला, त्यात पाच वर्षांचं लवचिक अनुदान होतं. अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांच्या देणग्या बहुतेक विनाअट असतात. मागण्यात गैर काही नाही, फार तर नाही म्हणतील.

नोंदणीचं उत्तर तुलनेने सोपं आहे. फाउंडेशन साधारणपणे ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेचा, दर्जा असलेल्या संस्थेलाच पैसे देतं. तुमच्याकडे तो दर्जा नाही, पण दर्जा असलेली एखादी संस्था तुमची ‘फिस्कल स्पॉन्सर’ होऊ शकते. आपण तिला पालक संस्था म्हणू. पैसे तिच्याकडे येतात, हिशेब ती ठेवते, काम तुम्ही करता, आणि या सेवेसाठी ती अनुदानातून बहुधा ५ ते १५ टक्के घेते. पहिली दोन वर्षं हाच मार्ग बरा. स्वतःची नोंदणी करायची झाली तर वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न अपेक्षित असलेल्या लहान संस्थांसाठी १०२३-ईझेड हा छोटा फॉर्म आहे, शुल्क २७५ डॉलर. मोठ्या फॉर्मचं शुल्क ६०० डॉलर. पण शुल्क ही खरी अडचण नसते. त्यानंतर दर वर्षी ९९० मालिकेतलं विवरणपत्र भरावं लागतं, आणि सलग तीन वर्षं चुकलं तर दर्जा आपोआप रद्द होतो. कित्येक चांगल्या गटांचा दर्जा केवळ या विसराळूपणाने गेलेला मी पाहिला आहे.

पालक संस्था निवडताना करार लेखी असू द्या आणि तो बसून वाचा. पैसे वेगळ्या खात्यावर दाखवले जातात का? बाहेर पडायचं ठरलं तर शिल्लक रक्कम तुमच्याबरोबर येते का? बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे मिळतात? पालक संस्था आर्थिक अडचणीत आली आणि तिच्याकडे ठेवलेले लहान गटांचे पैसे अडकले, असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. म्हणून तिचं मागचं ९९० मागवून पाहा, ते सार्वजनिक असतं.

आता कायद्याच्या मागणीकडे येतो. इथे लोक विनाकारण घाबरतात, आणि घाबरण्यामागे एक इतिहास आहे. १९६७ मध्ये फोर्ड फाउंडेशनने क्लीव्हलँडमधल्या ‘कोर’ या नागरी हक्क संघटनेला १,७५,००० डॉलर दिले, त्यातला काही भाग मतदार नोंदणीसाठी होता. त्या नोव्हेंबरमध्ये कार्ल स्टोक्स महापौर झाले. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे ते पहिले निवडून आलेले कृष्णवर्णीय महापौर. वॉशिंग्टनमध्ये गदारोळ उठला, आणि १९६९ च्या करसुधारणा कायद्यात खाजगी फाउंडेशन्सवर कडक बंधनं आली. लॉबिंगसाठी, म्हणजे ठरावीक कायद्यासाठी लोकप्रतिनिधींवर दबाव आणण्यासाठी, म्हणून राखून पैसे दिले तर त्यांना कर भरावा लागतो. मतदार नोंदणीला पैसे द्यायचे तर ते काम किमान पाच राज्यांत आणि एकापेक्षा जास्त निवडणुकांमध्ये चालणारं हवं. तेव्हापासून बरेच विश्वस्त ‘कायदा’ हा शब्द ऐकला तरी वकिलाकडे बघतात.

पण कायद्यात जे मोकळं ठेवलंय तेही तितकंच स्पष्ट आहे. ५०१ सी ३ संस्थेला लॉबिंग करता येतं, ते कामाचा मुख्य भाग होऊ नये एवढंच. ‘मुख्य भाग’ म्हणजे किती, या संदिग्धतेत राहायचं नसेल तर १९७६ साली आलेला ५०१ एच हा पर्याय आहे. ५७६८ नंबरचा एक छोटासा फॉर्म भरायचा. मग हिशेब आकड्यांत होतो: पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत लॉबिंगवर खर्च करता येतो, आणि त्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जनतेला ‘तुमच्या प्रतिनिधीला फोन करा’ असं सांगणाऱ्या मोहिमेवर. वर्षाचा खर्च दोन लाख असेल तर लॉबिंगला ४०,००० आणि त्यातले जनमोहिमेला जास्तीत जास्त १०,०००. इतके पैसे लहान गट लॉबिंगवर क्वचितच घालवतो, कारण इथे मोजला जातो तो खर्च. तुमच्या सभासद बिनपगारी जाऊन काउन्सिल सदस्याला भेटल्या तर तो वेळ खर्चात धरला जात नाही.

तुमच्या कामातलं बरंचसं लॉबिंग नसतंच. नोटिसा कोणत्या दारांवर लागल्या याची नोंद ठेवणं, भाडेकरूंना त्यांचे हक्क समजावणं, आहे तो नियम पाळा म्हणून गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करणं, खटल्यात मदत करणं, वर्तमानपत्राशी बोलणं, हे सगळं त्याबाहेर आहे. ठरावीक कायद्याच्या मसुद्याला मत द्या असं लोकप्रतिनिधीला सांगितलं की लॉबिंग सुरू होतं. दोन्हींसाठी वेळपत्रकात वेगळा रकाना ठेवा. आणि हे पालक संस्थेशी पहिल्याच दिवशी बोला, कारण तुमचं लॉबिंग तिच्या मर्यादेत मोजलं जाणार आहे. काही पालक संस्था त्यामुळे नकारही देतात.

फाउंडेशनसाठीही वाट मोकळी आहे. सर्वसाधारण अनुदान असेल आणि ते लॉबिंगसाठी राखलेलं नसेल, तर संस्थेने पुढे त्यातून मर्यादेत लॉबिंग केलं तरी फाउंडेशनला अडचण येत नाही. प्रकल्प-अनुदान असेल तर प्रकल्पाच्या बिगर-लॉबिंग भागाएवढी रक्कम ते देऊ शकतं. म्हणजे एक लाखाच्या प्रकल्पात १५,००० लॉबिंगचे असतील, तर ८५,००० पर्यंत. पुन्हा तीच ओळ, बघा. तुमच्या शहरात कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे अनेक स्थानिक देणगीदारांच्या पैशावर चालणारं फाउंडेशन, असेल तर तिथेही चौकशी करा. ती सार्वजनिक संस्था असल्याने तिच्यावर खाजगी फाउंडेशनची ही बंधनं नाहीत. आणि ज्यांच्या समित्यांवर कार्यकर्तेच बसून अनुदान ठरवतात असे निधीही आहेत: बॉस्टनचा हेमार्केट पीपल्स फंड १९७४ पासून, लॉस एंजेलिसचं लिबर्टी हिल १९७६ पासून, न्यूयॉर्कचा नॉर्थ स्टार फंड १९७९ पासून. रकमा लहान असतात, पण तिथे तुम्हाला वंशभेद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

निवडणुकीतल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात मात्र संस्थेच्या नावाने एक शब्दही नको. १९५४ पासूनची ही बंदी आहे. तुमचा मसुदा मांडणाऱ्या काउन्सिल सदस्याच पुन्हा उभ्या असतील, तर त्यांचे आभार मानणाऱ्या पत्रकावर निवडणुकीचा उल्लेख येऊ देऊ नका.

‘वंश’ हा शब्द लिहावा का? हो, लिहा. मात्र कुठे लिहायचा ते समजून घ्या. अटलांटाच्या फिअरलेस फंडाची एक अनुदान स्पर्धा फक्त कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांसाठी होती, रक्कम २०,००० डॉलर. तिच्यावर खटला झाला. आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या कायद्याचा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. त्या कायद्याचा असा उपयोग झालेला पाहून मला फार वाईट वाटलं. पण त्यातला धडा नीट घ्यायला हवा. तिथे वाद होता तो पैसे मिळवण्यासाठी वंशाची अट घालण्यावर. तुम्ही तशी अट घालत नाही. तुमच्या गटात कोणताही भाडेकरू येऊ शकतो. नोटिसा कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दारांवर जास्त लागतात हे नोंदवणं आणि त्याविरुद्ध बोलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते बोलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

म्हणून अर्जात प्रश्नाचं वर्णन करताना वंश स्पष्ट लिहा, तुमच्या नोंदींसह. सभासदत्व, नोकरी, मदत कोणाला मिळणार हे लिहिताना ‘परिसरातल्या सर्व भाडेकरूंना’ असं लिहा, कारण ते खरंच आहे. संघराज्य सरकारचा पैसा असेल तर परिस्थिती आणखी नाजूक आहे. २१ जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानुसार अनुदान घेणाऱ्यांनी आपण बेकायदा ठरणारे विविधता कार्यक्रम चालवत नाही असं प्रमाणित करायचं, आणि ते खोटं ठरलं तर सरकारकडे खोटे दावे करणाऱ्यांविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स कायद्याखाली कारवाईची टांगती तलवार. तसल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. तुमच्या आकाराच्या गटाने सध्या तो पैसा मागूच नये, असं मला वाटतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायलाच हवी. अहवालात उपस्थितांची नावं-पत्ते मागितले जातात. देऊ नका. आकडे द्या: किती सभा, किती माणसं, किती जण पहिल्यांदा बोलले. अलाबामा राज्याने एनएएसीपीकडे सभासदांची यादी मागितली तेव्हा संघटनेने ती दिली नाही, एक लाख डॉलरचा दंड लागला तरी दिली नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या यादीतल्या एखादीचं भाडं थकलेलं असेल, एखाद्याचे स्थलांतराचे कागद अर्धवट असतील. ती यादी घरमालकाच्या हाती लागली तर काय होईल याचा विचार करा.

अंदाजपत्रकात पगार लपवू नका. लोक ‘कार्यक्रम खर्च’ फुगवतात आणि संघटकाचा पगार अर्धा दाखवतात, मग ती बिचारी वर्षभरात थकून निघून जाते. सभेच्या वेळी मुलं सांभाळायला माणूस, स्पॅनिश दुभाषी, जेवण, बसचं भाडं, हे सगळं ओळीने मांडा. मी समितीवर असताना एकदा ‘मुलं सांभाळणं, ३,६०० डॉलर’ ही ओळ काटायची सूचना आली होती. अर्ज करणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘ती काटलीत तर आमच्या सभेला फक्त पुरुष येतील.’ ओळ राहिली.

आणि अचानक फार मोठी रक्कम समोर आली तर थोडं थांबा. मे २०२० मध्ये मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि देशभर निदर्शनं झाली. त्यानंतर जामिनाची रक्कम भरून लोकांना सोडवणाऱ्या मिनेसोटा फ्रीडम फंड या छोट्या संस्थेकडे ३ कोटी डॉलरहून अधिक देणग्या आल्या. इतके पैसे सांभाळायची यंत्रणा कोणत्याच लहान गटाकडे नसते, आणि ते कुठे गेले हे विचारणारे दुसऱ्या आठवड्यापासून दारात असतात. तुम्हाला पहिल्या वर्षी २५-३० हजार पुरे. ते नीट खर्च करून दाखवा.

त्या प्रोग्रॅम ऑफिसर पुन्हा भेटीला येतील तेव्हा तुमच्यातली सगळ्यात चांगलं इंग्रजी बोलणारी व्यक्ती पुढे करावी असा मोह होईल, आणि ताई, ती व्यक्ती बहुधा तुम्हीच असाल. तुम्ही दुभाषाच्या खुर्चीत बसा. ज्यांच्या दारावर पहिली नोटीस लागली त्या बाईंना बोलू द्या, आणि ती नोटीस त्यांच्या हातात असू द्या. भेटीच्या आधी सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवून घ्या: पैसे मिळाले नाहीत तरी पुढच्या महिन्यात कोणतं काम होणारच आहे. त्या तुम्हाला हा प्रश्न नक्की विचारतील.